संकलकाचा वाटा

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे मस्तानीची समाधी आहे. बाजीरावाने पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिला इनाम दिली होती, असे सांगतात. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ पडद्यावर आला आणि तिची कथा पुन्हा घरोघर पोचली. परंतु कोणत्याही चित्रपटाचे विस्कळीत तुकडे जुळवून त्यांतून कथा उभी करणाऱ्या संकलकाच्या नशिबी इनाम नसते. असतो तो केवळ रोजमुरा.

संकलकाचा व्यवहार बहुधा ठोक रकमेचा. ती हप्त्यांनी मिळते आणि शेवटचा हप्ता पुष्कळदा प्रदर्शनाशी बांधलेला असतो. चित्रपट रखडला की हप्ताही रखडतो. चार महिन्यांचे काम वर्षभर लांबले, दिग्दर्शकाने शेवट तीनदा बदलला, तरी रक्कम तीच. धोका एकटा निर्माता पत्करतो म्हणून मालकीही त्याचीच, हा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो. तोट्यात संकलक न विचारता भागीदार होतो. नफ्याच्या वेळी मात्र तो परका ठरतो.

कायद्याच्या लेखी चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ मधील दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आदींना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीत सोडून न देता येणारा हक्क दिला. मुख्य दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची २०१० च्या विधेयकातील तरतूद वाटेतच गळाली. संकलकाचे तर नावही निघाले नाही. अमेरिकेत निदान संघटनेच्या करारामुळे पुढील विक्रीतील काही रक्कम संकलकांच्या निवृत्तिवेतन व आरोग्य निधीत जमा होते.

कारागिराने मालक व्हावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ निघाली, तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे प्रत्यक्ष काम करणारेच सीताराम कुलकर्णींसह भागीदार होते. स्वतंत्र संकलक मात्र त्यांत नव्हता!

मराठी निर्मात्याचे भांडवल तुटपुंजे असते, हे खरे. म्हणूनच मोबदला कमी करायचा झाल्यास कमी केलेल्या रकमेच्या प्रमाणात हिस्सा करारात लिहून द्यावा. खर्च वसूल झाल्यावर तो मिळावा. शेवटचा हप्ता प्रदर्शनाची वाट न पाहता अंतिम प्रत हाती येताच चुकता व्हावा. आणि हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार संकलकाला त्याच कागदावर मिळावा. त्यावाचून ‘नफ्यात वाटा’ या शब्दांना बाजारात कवडीचीही किंमत नाही.