एका दिवसाचा सारथी

आमच्या वाचककुटुंबांपैकीं पुष्कळांनीं आतां समुद्रापलीकडचा प्रवास केलेला आहे, व ज्यांनीं केला नाहीं त्यांच्या घरांत तो निदान बोलण्यांत तरी आहे. आजी-आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सात-आठ माणसें एकदम निघतात, आणि मॉरिशससारखें बेट अशा मंडळींस सोयीचें वाटतें. त्यांच्याकडून आम्हांस वरचेवर एकच प्रश्न येतो: बेट पाहावयास एका दिवसापुरती चालकासह मोटार ठरवावी काय, आणि ठरवावयाची तर कशी? प्रश्न किरकोळ दिसतो खरा. परंतु त्यांत पैशाचा हिशेब जसा आहे, तसाच एका परक्या माणसाचा एक संपूर्ण दिवस आपण कसा वापरतों हाही हिशेब आहे. आणि दुसरा हिशेब आपण सहसा मांडीत नाहीं.

प्रथम बेटाचा आकार लक्षांत घ्यावा. मॉरिशसचें मुख्य बेट दक्षिणोत्तर सुमारें ६५ किलोमीटर लांब व पूर्वपश्चिम सुमारें ४५ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. हे आंकडे वाचून प्रवासी मनांत म्हणतो कीं, सकाळीं निघावें व दिवेलागणीस सगळी प्रदक्षिणा आटोपून परत यावें. परंतु बेटाच्या मध्यभागीं पठार आहे, त्याच्या कडेनें डोंगर आहेत, आणि त्यांतील सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचें आहे. पोर्ट लुई या राजधानीपासून क्युरपीपपर्यंत गांवास गांव लागलेलें असून कचेऱ्यांच्या वेळीं तेथें मोटारींची रांग हलत नाहीं. नैर्ऋत्येकडे घाटाचीं वळणें आहेत. शिवाय जून-जुलैमध्यें तेथें हिंवाळा असतो व सूर्य सहाच्या आंत मावळतो. म्हणून एक दिवस उत्तरेचा व एक दिवस नैर्ऋत्येचा अशी वांटणी करावी. एका दिवसांत दोन्ही बाजू दाखवितों असें जो म्हणेल, त्याच्या मोटारींतून मोटारच तेवढी पाहून होईल.

बस तेथें स्वस्त आहे, आणि पोर्ट लुई ते क्युरपीप विजेची आगगाडीही धावते. तरुणांस तेवढ्यावर भागतें. पण गुडघे दुखणारी वडील माणसें व झोंपाळू मुलें घेऊन दोन-तीन ठिकाणीं गाड्या बदलणें कठीण. स्वतः मोटार भाड्यानें घेऊन चालवितां येते; वाहतूक आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें असते. परंतु ऊंस उंच वाढला म्हणजे वळणापलीकडचें कांहीं दिसत नाहीं, आणि ज्याच्या हातीं चाक त्याच्या वांट्यास केवळ रस्ता येतो. घरांतील एक कर्ता मुलगा दिवसभर बेट न पाहतांच परत आणावयाचा, हें कांहीं आम्हांस रुचत नाहीं. तात्पर्य, आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांस चालकासह मोटार हीच सोय उत्तम.

आतां हा चालक कोण? आपल्या जुन्या ग्रंथांत सारथ्यास चाकराची जागा दिलेली नाहीं. दशरथाचा रथ हांकणारा सुमंत्र त्याचा मंत्री होता. ऋतुपर्णाचा रथ हांकणारा बाहुक हा तर वेष पालटलेला नल राजा. वाटेंत त्यानें ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली व पुढें त्यास अश्वविद्या दिली. उलट शल्यानें कर्णाचें सारथ्य पत्करलें तें मनाविरुद्ध, आणि मनास येईल तें बोलण्याची मोकळीक आधीं मागून घेऊन. त्या रथाचें पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या मनांत अपमान बसला आहे त्याच्या हातीं आपलीं मुलेंबाळें देऊन घाट चढणें शहाणपणाचें नव्हे. तो अपमान बहुधा भाड्याच्या घासाघिशींत जन्म पावतो, आणि घासाघीस वाढते ती ठराव अर्धवट ठेवल्यामुळें.

यास्तव ठराव आदल्या संध्याकाळींच पुरता करावा. किती वाजतां निघावयाचें व किती वाजतां परतावयाचें, कोणकोणतीं ठिकाणें, गाडींत माणसें किती बसतील व लहान मुलांची वेगळी बैठक आहे काय, सांगितलेल्या रकमेंत पेट्रोल, थांबण्याचा वेळ व गाडी उभी करण्याचें भाडें धरलें आहे काय, प्रवेशाचीं तिकिटें कोणीं काढावयाचीं, वेळ वाढल्यास तासास किती द्यावयाचें, हें सर्व एका कागदावर लिहावें व दोघांनींही वाचावें. रक्कम कोणत्या नाण्यांत, हेंही विचारावें. मॉरिशसचें नाणें रुपयाच आहे, पण तो आपला रुपया नव्हे. शिवाय प्रवाशांस पुष्कळदां युरोंत भाव सांगतात. टॅक्सीचा परवाना पाहण्यास मागावा व त्यांत संकोच धरूं नये. बिनपरवान्याची गाडी थोडी स्वस्त मिळते, पण अपघात झाल्यास विम्याचा आधार राहील कीं नाहीं ही शंका घेऊन दिवसभर बसावें लागतें.

एक गोष्ट आणखी. वाटेवरच्या दुकानदारांकडून चालकांस कांहीं दलाली मिळते, ही जगभरची रीत आहे. तिच्यावरून चिडूं नये. पण आधीं स्पष्ट बोलावें. आमच्या चालकानें तें आपण होऊन सांगितलें. “क्युरपीपला लांकडी जहाजांच्या प्रतिकृतींचें दुकान आहे. तुम्ही घेतलेंत तर मला थोडें मिळतें. यायचें असेल तर थांबतों, नाहीं तर पुढें जाऊं.” इतक्या सरळ बोलण्यापुढें आम्हांस नाहीं म्हणवेना, आणि आमच्या नातवाकडे आज वीतभर लांबीचें एक सुबक गलबत आहे.

लिहून केलेल्या ठरावाविषयीं आम्ही इतकें बोलतों याचें कारण त्या बेटाच्या इतिहासांत आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलास’ जहाजांतून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईस उतरले. पुढल्या वर्षीं १ फेब्रुवारीस तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली, आणि उंसाच्या मळ्यांस माणसें हवींच होतीं. त्यानंतरच्या काळांत सुमारें साडेचार लाख माणसें करारावर तेथें नेण्यांत आलीं. ‘अग्रीमेंट’ या शब्दाचें त्यांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. त्यांतील कांहीं मुंबई बंदरांतून गेलेलीं, आपल्या कोंकणांतलीं होतीं. करार होता, आंगठाही होता. पण बहुतेकांस तो वाचतां येत नव्हता. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. त्यास ‘डबल कट’ म्हणत. ज्या धक्क्यावर तीं माणसें उतरत त्याच्या सोळा दगडी पायऱ्या आप्रवासी घाट या नांवानें जतन केल्या आहेत, व २००६ साली त्या स्थळास जागतिक वारशाचा मान मिळाला. आम्ही आदल्या दिवशीं त्या पायऱ्या पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं साडेआठास जो गृहस्थ मोटार घेऊन आला, त्याचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. त्याची रोजची भाषा तेथील क्रिओल. आमच्याशीं तो हिंदी व मराठी मिसळून बोले. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपल्या जाखडीचें नृत्य तेथील मराठी मंडळींनीं ‘झाकरी’ या नांवानें राखलें आहे, हें त्यानेंच सांगितलें. आमचा बेत प्रथम चामरेलला जाण्याचा होता. तो म्हणाला, “काका, आधीं वर जाऊं. दुपारीं पठारावर ढग उतरतात, मग गंगातलाव दिसणार नाहीं.” आम्हीं क्रम त्याच्यावर सोंपविला. ज्याच्या रोजच्या पायाखालची वाट, त्याच्याशीं नकाशा हातीं घेऊन वाद घालण्यांत अर्थ नसतो.

पठारावरून जातांना उंसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसूं लागले. कांहीं तर दुमजली घराएवढे, नीट रचलेले. मुलांनीं विचारलें, हीं देवळें आहेत काय? त्यानें गाडी कडेस घेतली. ज्वालामुखीच्या दगडांनीं भरलेली ती जमीन. गुलामांनीं व त्यांच्यामागून आलेल्या मजुरांनीं हातांनीं एक-एक दगड वेंचून शेत मोकळें केलें, व ते दगड असे रचले. “यांतला एखादा आमच्या पणज्यानें उचलला असेल,” एवढेंच तो म्हणाला. आमच्या जवळच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकांत त्या ढिगांस ओळभरही जागा नव्हती.

गंगातलाव हें ज्वालामुखीच्या मुखांत सांठलेलें सरोवर. १९७२ साली त्यांत भागीरथीचें जल मिसळण्यांत आलें. कांठावरील शंकराची १०८ फुटी मूर्ति अलीकडची, २००७ ची. तेथें गणपतीपुढें आमच्या वहिनींनीं आरती म्हटली, तेव्हां चालकानेंही खणखणीत आवाजांत साथ केली. सगळी आरती त्यास मुखोद्गत. मात्र ‘फणिवरबंधना’ या ठिकाणीं तो ‘वंदना’ म्हणाला. हा पाठ पुण्यांतल्या घरोघरींही असाच बिघडलेला आहे, तेव्हां चार पिढ्या समुद्रापार राहिलेल्यास बोल कसला लावावा? आम्हीं अर्थ सांगितला कीं, गजाननानें सर्पाचा कमरपट्टा बांधला आहे. तो क्षणभर मूर्तीकडे पाहत राहिला व म्हणाला, “आज घरीं सांगतों.” ऋतुपर्णाच्या रथांतील देवघेव आम्हांस त्या वेळीं आठवली.

जेवणाच्या वेळीं काय करावें हें पुष्कळांस कळत नाहीं. शाकुंतलांत दुष्यंत आश्रमांत पाऊल टाकण्यापूर्वीं सारथ्यास घोड्यांच्या पाठी थंड करावयास सांगतो. मोटारीस घोडे नसले तरी हांकणाऱ्यास पाठ आहेच. वहिनींनीं बरोबर दशम्या व चटणी नेली होती. आम्हीं त्यास आमच्यांत बसावयास बोलाविलें. त्यानें दोन दशम्या आनंदानें घेतल्या, पण बसावयास मात्र झाडाखालीं दूर गेला. आग्रह केला नाहीं. दिवसभर परक्या मंडळींच्या प्रश्नांस उत्तरें देणाऱ्या माणसास अर्धा तास कोणीं न बोलणें हेंही विश्रांतीचें असतें. आमंत्रण मनापासून द्यावें, आणि नकारही तसाच स्वीकारावा.

पुढें चामरेलची सप्तरंगी माती पाहिली. लाव्हाचा दगड कुजून झालेल्या त्या मातींत लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें आहेत, त्यांमुळें तांबड्या-जांभळ्या छटा उठून दिसतात. तेथून खालीं समुद्राकडे उतरल्यावर ल मॉर्न पर्वताचा उभा कडा दिसला. पळून गेलेले गुलाम त्याच्या आश्रयास राहत. २००८ पासून तोही जागतिक वारशांत गणला जातो. इतक्यांत पाऊस आला, वहिनींचा गुडघा बोलूं लागला, आणि साडेतीनलाच आम्ही मुक्कामीं परतलों. ठराव साडेपांचाचा होता.

आमचा पुतण्या हिशेबाचा पक्का. तो हळूच म्हणाला, “दोन तास वांचले आहेत. वेळ वाढला असता तर आपण जास्त दिले असते. मग कमी झाल्यावर कापायला नकोत का?” युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड होता. त्यास उत्तर आम्हीं द्यावें त्याआधींच वहिनी म्हणाल्या, “अरे, दमलों आपण. त्याचा रोज कां कापायचा? त्यानें तर दुसऱ्या कुणाची गाडी आज घेतली नाहीं.” पुतण्या गप्प झाला. काल आप्रवासी घाटावर ‘डबल कट’ची हकीकत त्यानेंच मोठ्यानें वाचून दाखविली होती, ती बहुधा त्यास आठवली असावी. तो स्वतः पावसांत उतरला, पुरी रक्कम मोजून हातीं दिली, आणि वर कांहीं बक्षीसही दिलें.

वेळ वाढविणें आपल्या इच्छेनें होतें, म्हणून त्याचे पैसे द्यावे लागतात. वेळ लवकर संपणेंही आपल्याच इच्छेनें होतें, पण राखून ठेवलेला दिवस चालकास परत विकतां येत नाहीं. या दोन गोष्टींतला भेद ज्यास समजला, त्यास दिवसाचा चालक ठरविण्याची विद्या आली असें समजावें.

जाणाऱ्या मंडळींस शेवटीं इतकेंच सुचवावयाचें कीं, उत्तरेच्या दिवशीं पांपलमूसचें वनस्पतिउद्यान सकाळींच पाहावें, म्हणजे मोठमोठ्या परातींसारख्या पानांचीं तेथील कमळें उन्हाच्या आधीं पाहून होतात. आणि ज्या चालकाबरोबर दिवस समाधानांत गेला त्याचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक त्याच्या संमतीनें घरच्या वहींत टिपून ठेवावा. आपल्या मागून जाणाऱ्या आप्तेष्टांस त्याचा उपयोग होईल, आणि त्यासही एक दिवसाचें काम मिळेल.