मॉडेल हवीय, येरमाळ्याला!

"ताई, दुकानाचं फोटोशूट करायचंय. पुण्याहून एखादी मॉडेल आण ना!" मामेभावाचा फोन. बजेट? पाच हजार. फोटोग्राफर आणि जाणं-येणं धरून. बॉस, जमिनीवर ये!

दुकान येरमाळ्यात, हळद-कुंकू आणि बांगड्यांचं. त्याला शूट चैत्र पौर्णिमेच्या यात्रेतच हवं होतं. येडेश्वरीची पालखी आमराईत जाते, चुनखडी वेचायला तुफान गर्दी, फुल माहौल! म्हटलं, त्या दिवशी गिऱ्हाईक सांभाळशील की पोज देशील? शूट यात्रेच्या पंधरा दिवस आधी. सकाळी सात ते नऊ, कारण नंतर ऊन काचेच्या बांगड्यांवर नुसतं चमकतं. फ्लॅश बंद, दारातला उजेड पुरे. प्लॅस्टिकचे बॅनर काढायचे. गिऱ्हाइकाचा फोटो विचारूनच.

मेन शॉट? बांगड्या भरणारे हात. अर्थात मामीचे. मामा गेल्यापासून दुकान तिनंच चालवलंय.

मामी एकदम म्हणाली, "माझे नकोत बाई. कुंकवाच्या दुकानाला माझे मोकळे हात? लोक काय म्हणतील?"

रोज अख्ख्या गावाला बांगड्या भरते, ते चालतं. फोटोत नाही! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारनं परिपत्रकही काढलं. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, मॉडेल कॅन्सल. आई हो म्हणेपर्यंत शूटही थांबव."

प्लॅनमधला हा बदल मला एकदम मान्य!