भीमबेटकाचाही ‘प्लॅन’ उघडायला हवा

१/
दादरचे शिवाजी मंदिर असो वा गिरगावातले साहित्य संघ मंदिर, गाजलेल्या नाटकाचा ‘प्लॅन’ उघडतो, खुर्च्या भरतात आणि दारावर ‘हाऊसफुल्ल’चा फलक लागतो. तिकीट न मिळालेला रसिक हळहळत घरी जातो. पण आपल्यावर अन्याय झाला असे तो म्हणत नाही. मग हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांना हाच नियम लावला, तर तो अन्याय का वाटावा? #थ्रेड

२/
प्रथम उत्तर स्पेनमधील अल्तामिरा. १८७९ साली साउतुओला यांच्या लहानग्या मारियाने मान वर केली आणि छतावरचे रानगवे जगाला दिसले. पुढे गर्दी इतकी वाढली की १९७७ मध्ये गुहा बंद करावी लागली. १९८२ मध्ये ती मर्यादित संख्येसाठी उघडली, २००२ मध्ये पुन्हा बंद झाली. २०१४ पासून प्रयोग म्हणून सोडत काढून आठवड्याला अवघ्या पाच जणांना आत सोडले जाऊ लागले, तेही ३७ मिनिटांसाठी.

३/
फ्रान्समधील लास्को ही त्याहून कठोर शिकवण. १९४० मध्ये शोध, १९४८ मध्ये प्रवेश खुला, १९५५ च्या सुमारास दिवसाला सुमारे १,२०० माणसे. श्वासांतला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, ओलावा आणि दिव्यांचा प्रकाश यांमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ धरू लागले. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहेला कुलूप लावले. सुमारे १७ हजार वर्षे टिकलेल्या चित्रांना धोक्यात आणायला पंधरा वर्षे पुरली.

४/
मुंबईकराला यासाठी युरोप गाठण्याची गरज नाही. मध्य प्रदेशात, भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात भीमबेटका आहे. विंध्याच्या पायथ्याशी ७०० हून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांतील ४०० हून अधिक चित्रांकित आहेत. गेरूचा लाल आणि पांढरा हे तिथले प्रमुख रंग. हरणे, गवे, शिकारी, नाचणाऱ्यांच्या रांगा आणि पुढच्या काळातले घोडेस्वार एकाच भिंतीवर एकमेकांवर रेखलेले दिसतात. २००३ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

५/
या स्थळाचा शोध लावणारा माणूसही मराठी. विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म १९१९ मध्ये नीमच येथे झाला आणि त्यांची कर्मभूमी उज्जैन. १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले. अशा खडकांत काय असू शकते हे त्या अभ्यस्त नजरेने ओळखले. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही त्यांचे नाव महाराष्ट्रातल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक असेल, हा प्रश्न उरतोच.

६/
आज भीमबेटकाला सोडत नाही, महिनोन्महिने वाट पाहणे नाही. दारावर तिकीट काढावे आणि आत जावे. सर्वसामान्यांसाठी पंधराच शैलाश्रय खुले आहेत, हे योग्यच. पण त्यामुळे येणारी सारी गर्दी याच पंधरा ठिकाणी एकवटते. किती माणसे यावीत याचा विचार न करता केवळ कुठे यावीत हे ठरवणे, म्हणजे अर्धेच संरक्षण.

७/
येथे एक भेद प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. लास्को ही बंदिस्त गुहा. भीमबेटकाचे बहुतेक शैलाश्रय उघडे, वारा खेळता असलेले. इथल्या चित्रांना माणसाच्या श्वासाचे भय तितके नाही. भय आहे ते हाताचे, नखाचे, उडणाऱ्या धुळीचे आणि ‘अमुक येथे आला होता’ कोरण्याच्या हौसेचे. म्हणून स्पेनचा नियम उचलून इथे लावणे चूक ठरेल. इथे हवी ती तासागणिक ठरावीक संख्या आणि प्रत्येक गटासोबत जाणता मार्गदर्शक.

८/
या भिंतींचे वाचन अजून संपलेले नाही, याचा अलीकडचा दाखला पाहा. सभागृहासारख्या भासणाऱ्या मोठ्या गुहेच्या छतावरील एका ठशाला २०२१ मध्ये ‘डिकिन्सोनिया’ या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म म्हटले गेले. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष होते. पुन्हा पाहता आले, म्हणूनच चूक दुरुस्त झाली. खडकावर उमटलेला एक ओरखडा अजून कुणी विचारलेलाही नाही असा प्रश्न कायमचा पुसून टाकू शकतो.

९/
मर्यादेवरचा सर्वांत सबळ आक्षेप वेगळाच आहे. तिकिटे मोजकी झाली की ती कुणाला मिळतील? ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आणि ऐनवेळी विमानाने निघण्याइतका पैसा आहे, त्याला. परळच्या चाळीतून स्लीपरच्या डब्याने निघणारा विद्यार्थी मागेच राहील. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. वारसा वाचवताना वारसदारच गाळले गेले, तर वाचवले ते कुणासाठी?

१०/
याचे उत्तर मर्यादा नाकारण्यात नाही, ती न्याय्य करण्यात आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. भीमबेटकाचा ‘प्लॅन’ त्याच्या आधी, समजा ९० दिवस अगोदर उघडावा. म्हणजे प्रवेश निश्चित झाल्यावर साध्या डब्याचे आरक्षण करता येईल. निम्म्या जागा सोडतीने द्याव्यात, काही विद्यार्थ्यांसाठी आणि काही आसपासच्या गावकऱ्यांसाठी राखाव्यात. पहिल्या मिनिटाला बोट चालवणाऱ्यालाच सारे मिळणे ही गुणवत्ता नव्हे.

११/
रांगेचे नीतिशास्त्र लालबागला शिकवावे लागत नाही. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. तासन्‌तास उभे राहणारा भाविक दोन्ही मान्य करतो. त्याचा संताप होतो तो रांगेमुळे नव्हे, रांग ओलांडून कुणी पुढे गेला की. प्राचीन चित्रांच्या दाराशीही हेच खरे. मर्यादा सर्वांना सारखी असेल तरच तिला मान मिळेल.

१२/
ज्यांना मूळ पाहता येणार नाही त्यांचे काय? येथे मुंबईचाच इतिहास कामी येतो. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या नेतृत्वाखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती केल्या. १८८५ मध्ये लंडनच्या आगीत त्यांतील अनेक जळाल्या. उरलेल्या आज मोलाच्या ठरतात. कारण लेण्यांतला काही भाग त्यानंतर झिजून गेला. अनुकृती ही दुय्यम वस्तू नव्हे, ती मूळ चित्राची साक्षीदार आहे. वाकणकरांनीही आयुष्यभर शैलचित्रांच्या अनुकृती काढल्या.

१३/
नियम येईल तेव्हा येईल. प्रवाशाने तो आजच स्वतःला लावून घ्यावा. हिवाळा निवडावा, सुट्टीतला शनिवार-रविवार टाळावा. संध्याकाळी दादरला १९१२ पासून धावणारी पंजाब मेल पकडली की सकाळी भोपाळ येते. पहिला दिवस श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयाला द्यावा; त्याच्या आवारातही चित्रांकित शैलाश्रय आहेत. डोळे असे तयार झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर भीमबेटका गाठावे. थोडेच शैलाश्रय पाहावेत, पण प्रत्येकापुढे थांबावे. भिंतीला हात लावू नये.

१४/
नाटकाचा आजचा प्रयोग हुकला तर पुढचा असतो. भीमबेटकाच्या भिंतीवरील हरणाचा दुसरा प्रयोग नाही. रेखणारा हात केव्हाच गेला आहे. तिकीट न मिळाल्याचे दुःख एका पिढीतल्या एका माणसाचे असते, चित्र पुसल्याचे नुकसान पुढच्या सर्व पिढ्यांचे. म्हणून ‘हाऊसफुल्ल’चा फलक त्या दारावर वेळीच लागावा आणि परत फिरणाऱ्याने तो आपल्याच नातवंडांसाठी लागला आहे असे समजावे.

(समाप्त)