जोंगाला वेल्डिंग मारू नका



या वेळी जरा रोखठोक लिहितो. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये रविवारी बाजारहाटाला बडा फुहारा ठरलेला. कमानिया गेटच्या बाजूला चहा घेताना गाडीवेडी पोरं भेटतात. कुणी लिलावातली कंडम जोंगा घेतलेली असते, कुणी घेणार असतो, आणि प्रत्येकाला तिची रॅलीची गाडी करायची असते. इथवर आनंदच आहे. पण पुढे हमखास एक सल्ला येतो: "पीछे वेल्डिंग मरवा दो, दोनों चक्के साथ घूमेंगे."

माझं मत सरळ आहे. डिफरेन्शियलला वेल्डिंग मारणं म्हणजे गाडी बनवणं नव्हे, गाडी संपवणं.

जोंगा ही या गावची लेक. नावच मुळी 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' यातल्या आद्याक्षरांवरून आलं. मूळ आराखडा निसान पेट्रोल पी 60 चा, पण घडवली जबलपूरच्या हातांनी. तिच्या पाठीवर आपण 106 मिमीची रिकॉइललेस तोफ वाहिली आहे. 1999 साली तिचं उत्पादन थांबलं. 2019 मध्ये धोनीने जोंगा घेतल्याची बातमी आली आणि सिव्हिलमधल्या ज्यांनी कधी नावही ऐकलं नव्हतं, तेही तिच्या शोधात निघाले. मागणी वाढली, गाड्या मात्र नव्या बनत नाहीत. म्हणजे आज जो डिफरेन्शियल वेल्डिंगने वाया जातो, त्याची भरपाई दुसऱ्या जोंगाचा जीव घेऊनच होते.

आता वेल्डिंगने होतं काय, ते बघा. गाडी काटकोनात वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांमध्ये 1.4 मीटर अंतर असेल, तर हा फरक सुमारे 2.2 मीटर येतो. वळण लहान असो की मोठं, काटकोनात फरक तेवढाच. तो फरक पोटात घालणं हेच डिफरेन्शियलचं काम. आतले गिअर वेल्डिंगने जाम केले, की तो ताण टायरवर आणि हाफ शाफ्टवर येतो. कच्च्या रस्त्यावर टायर घसरून तो सोडून देतो. डांबरावर टायर ओरडतो, शाफ्टला पीळ बसतो आणि स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ जायला बघते. फुहाऱ्याजवळच्या गर्दीत 'सरळ' म्हणजे कुणाच्या तरी दुकानात.

वेल्डिंगवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक वाळूत फिरू लागलं, की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी अडकते. हे आपण सगळ्यांनी राजस्थानात भोगलंय. पण रॅली म्हणजे नुसती वाळू नाही. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला जाताना गाडी रहदारीच्या रस्त्यावरूनच जाते. आणि हिमालयात? झोजिलावर हिवाळ्यात गाडी हाकलेल्यांना विचारा. बर्फात साध्या डिफरेन्शियलचं एक चाक फिरतं, तेव्हा दुसरं निदान मागची बाजू धरून ठेवतं. जाम केलेली दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचं शेपूट उताराकडे, म्हणजे दरीकडे, सरकतं.

मग करायचं काय? पैसे असतील तर प्लेटवाला लिमिटेड स्लिप बसवा. नसतील तर आहे तो डिफरेन्शियल नीट बांधा. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन असा संसार टिकत नाही. बेअरिंग कॅप उघडण्याआधी डावी-उजवी खूण करा. शिम घालून पिनियनची खोली ठरवा, बेअरिंगचा प्रीलोड टॉर्क रेंचने मोजा, बॅकलॅश डायल गेजने क्राऊनवर चार ठिकाणी बघा. मग दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावा आणि फिरवा. (शेंदरात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.) ठसा दाताच्या मधोमध उमटला तर काम जमलं. माथ्याकडे उमटला तर पिनियन लांब आहे, मुळाशी उमटला तर फार आत गेलाय. शिम बदला, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. यात दोन दिवस जातात. वेल्डिंगला दोन तास पुरतात. सगळं भांडण या दोन दिवसांचं आहे.

वाळूत उतरताना टायरची हवा कमी करा. चाक फिरू लागलं की ब्रेकवर हलका पाय ठेवा. फिरणाऱ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याला जोर मिळतो. पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील काढून टाका, कारण जोंगाला मध्ये डिफरेन्शियल नाही.

आणि एक बोचणारी गोष्ट. रंग, लाइट आणि मोठ्या इंजिनावर लाख उडवणारा माणूस ठसा बघणाऱ्या मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करतो. फॅक्टरीतून आणि ईएमईतून निवृत्त झालेले असे हात या शहरात गल्लोगल्ली आहेत. कागद लावून पट्टीने नाही, तर बोटांनी प्ले ओळखणारी ही माणसं. त्यांना काम मिळालं नाही तर ही विद्या त्यांच्याबरोबरच जाईल, आणि मग आपल्या हातात वेल्डिंगचं होल्डर तेवढं उरेल.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. पण चलनाची भीती हे कारण मला छोटं वाटतं. वळणावर समोरून शाळेची रिक्षा येत असते, हे कारण मोठं आहे.

तेव्हा माजी सैनिक मित्रांनो, तुमच्या गावात कुणी पोरगा जोंगा उघडून बसला असेल तर दोन दिवस त्याच्याजवळ बसा. त्याच्या हातातलं वेल्डिंग काढून घ्या आणि डायल गेज द्या.