सत्कार पुरे, वेतनाचं बोला

मैत्रिणींनो, ८ मार्च जवळ आला की संस्थांची निमंत्रणं येतात, 'आशाताईंचा सत्कार ठेवलाय, नक्की या.' कोरोनापासून माझ्या घरात तीन शाली जमल्यात. चौथी घेणार नाही. का, ते सांगते.

२०२० साली मुंबई-पुण्याहून माणसं गावाकडे परतली, तेव्हा त्यांच्या याद्या करायला, ताप मोजायला आम्हीच दारोदार गेलो. सुरुवातीला मी तोंडाला पदर बांधून फिरले. लोक दार लावून घेत. म्हणत, 'हीच रोग आणते.' घरी आल्यावर मागच्या दारी न्हाऊन मगच लेकरांना जवळ घ्यायचं. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, पुन्हा घरोघर. या जोखमीचा केंद्राचा जादा मोबदला महिना १,००० रुपये. दिवसाला ३३!

खरी मेख एका शब्दात आहे. २००५ साली योजना आली तीच आम्हाला 'स्वयंसेविका' म्हणत. स्वयंसेविकेला वेतन नाही; जेवढं काम तेवढा मोबदला. गावातल्या गरोदर बायांना मी विश्रांती घ्यायला सांगते. माझ्या धाकट्याच्या वेळी मात्र काम थांबलं आणि मोबदलाही थांबला. भरपगारी रजा कुठली? पगारच नाही!

२०१३च्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की, योजनांवर राबणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या. ती शिफारस बाजूला राहिली. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७०,००० आशांनी संप केला, तेव्हा महिना १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आमचा गौरव केला. मान जगभर मिळाला, पण कामगार म्हणवून घेण्याचा हक्क नाही मिळाला.

घरात बाईच्या कष्टाला 'माया' म्हणायचं आणि फुकट राबवायचं, हे आपण वर्षानुवर्षं उघडं पाडत आलो. शासन तेच 'सेवा' म्हणून करतं. मग आपणच 'सेवाव्रती' म्हणून आमच्या गळ्यात हार घातले, तर शासनाचंच काम सोपं होतं. हे कडू वाटेल, पण बोलायलाच हवं.

म्हणून एवढंच करा. शाल-श्रीफळाचे पैसे वाचवा. ८ मार्चला हॉलमध्ये टाळ्या वाजवण्याऐवजी आमच्याबरोबर तहसील कचेरीवर चला. मागणी एकच : आम्हाला कामगार म्हणा आणि कामगाराचं वेतन द्या.