सहीच्या आधी हिशेब

कामावर माणूस मेला, किंवा हात गमावून बसला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस घरी येतो. सोबत लाख-दोन लाख रोख आणि एक स्टँपपेपर. त्यावर लिहिलेलं असतं, ‘आमची आता काही तक्रार नाही.’ मध्यस्थ बहुतेक वेळा आपल्याच गावाकडचा, आपल्याच समाजाचा मुकादम. तो म्हणतो, “साहेबांनी मन मोठं केलंय, घेऊन टाका.” हक्काचा पैसा उपकार बनून घरात शिरतो तो असा.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आणि त्यासाठी कंत्राटी कामगारांच्या वस्त्यांत फिरते. गटार, भट्टी, प्रेस मशीन, बांधकामाची परांची, ही धोक्याची कामं कोणाच्या वाट्याला येतात हे या वाचकांना सांगायला नको. मला बोलायचंय ते अपघातानंतरच्या जातीविषयी. कायदा कोणाला वाचता येतो आणि कोणाला नुसता अंगठा उठवावा लागतो, या फरकावर तो स्टँपपेपर चालतो.

कायदा जुना आहे. 1923 चा कामगार भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावला आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. मूळ सूत्र तेच राहिलं. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. ठेकेदार हात वर करत असेल तर मूळ मालकाकडे मागता येते. मृत्यू झाला असेल तर भरपाई परस्पर वारसांच्या हातात देऊन मालक सुटत नाही, ती प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. आणि हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. म्हणजे त्या स्टँपपेपरमध्ये दम नसतो. तो चालतो, कारण समोर वाचणारं कोणी नसतं.

आता हिशेब. मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98 आहे. पगार 12,000 असेल तर 6,000 गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये. दारात आलेले दोन लाख या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

तुमच्या घरात पहिली पदवी तुमची असेल, तर हा गुणाकार तुम्हालाच करायचाय. त्याआधी दोन गोष्टी बघा. कामगाराचा ईएसआय विमा आहे का? असेल तर मालकावर हा दावा होत नाही, लाभ ईएसआयकडून मिळतो. दुसरी गोष्ट, दवाखान्याचा पहिला कागद. आमच्या नात्यातल्या एका मुलाचा अंगठा प्रेसमध्ये गेला आणि केसपेपरवर लागलं ‘घरी पडला’, कारण डॉक्टरांशी बोलला तो सोबत आलेला सुपरवायझर. तो एक शब्द खोटा ठरवण्यात पुढे वर्ष गेलं. म्हणून केसपेपर, पोलिसांची नोंद, बँकेत आलेला पगार, हजेरीचे फोटो, मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं त्याच आठवड्यात गोळा करा. दाव्याची मुदत दोन वर्षं आहे, पण पुरावा दोन आठवड्यांत नाहीसा होतो. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावला पाहिजे असंही नाही. नवरा सुरतेत गेला असेल तर लातूरला राहणारी बायको तिच्या भागातल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते.

मग वकील कधी करायचा? पहिल्या दिवशीच केला पाहिजे असं नाही. नोकरी, पगार आणि अपघात मालकाला मान्य असेल आणि भांडण फक्त रकमेचं असेल, तर अर्ज आपण लिहू शकतो. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी बाजू मांडू शकतो. प्राधिकाऱ्याने परवानगी दिली तर लेखी अधिकार दिलेली दुसरी व्यक्तीही उभी राहू शकते.

पण मालक म्हणाला, ‘हा आमचा माणूसच नाही’, तर थांबू नका, वकील गाठा. अपघात नाकारला, पगार कमी दाखवला, किंवा प्रकरण हायकोर्टात अपिलात गेलं, तरी तेच. अपंगत्वाच्या टक्क्यांवरून वाद असेल तेव्हा तर नक्कीच. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्यातल्या टक्क्यांवर बोट ठेवून मालक भांडत राहिला. 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. असा युक्तिवाद करायला अनुभवी माणूसच लागतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, हे कारण इथे अडवू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा, हेल्पलाइन 15100. आणि कोणी ‘मिळेल त्यातले तीस टक्के माझे’ म्हणत असेल, तर निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांच्या आचारनियमांत मनाई आहे, हे त्याला शांतपणे ऐकवा.

आपल्या पदवीवर घरच्यांचा, वस्तीचा हक्क आहे असं आपण भाषणात म्हणतो. तो हक्क मागायला ते अशाच वेळी येतात, तेही संकोचत, ‘जरा हा कागद वाचून दे’ एवढंच म्हणत. तेव्हा ‘मी लॉ केलेलं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. कायद्याची डिग्री नसली तरी तो कागद एक रात्र थांबवता येतो. शोकात बुडालेल्या घराला एवढं सांगा, आज सही नको. उद्या सकाळी हिशेब करू, मग बोलू.