संस्थाचालकाचे एकाकीपण

सेवाभावी संस्थेच्या प्रमुखाभोवती माणसांचा राबता अखंड असतो. तरीही त्याच्याइतका एकाकी माणूस क्वचितच आढळेल. पुढल्या महिन्याचे पगार होतील की नाही, ही शंका सेवकांपुढे बोलावी तर त्यांचा धीर सुटतो, देणगीदारांपुढे बोलावी तर संस्थेची पत जाते आणि विश्वस्तांपुढे बोलावी तर त्याच्या कर्तृत्वाविषयीच प्रश्न निघतो. घरच्यांनी तर संस्थेपायी आधीच पुष्कळ सोसलेले असते.

समाज या एकाकीपणाला त्याग म्हणून गौरवतो. सत्कार होतो, मानपत्र दिले जाते. भार मात्र तसाच राहतो. वस्तुतः हा प्रश्न मनोधैर्याचा आहे त्याहून अधिक संस्थेच्या रचनेचा आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार पुकारला. १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे पायी तेथे जात. या पायपिटीचे कौतुक सारेच करतात. परंतु एकट्याच्या पायांवर संस्था चालत नाही, हे त्यांनी ओळखले होते, याकडे दुर्लक्ष होते. पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या कार्यकर्त्या निधीसाठी दूरदूर हिंडल्या. पुढे संस्थांना वाहून घेणारे सेवक मिळावेत म्हणून कर्व्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि गोखल्यांचा १९०५ चा भारत सेवक समाज हेही आजीव सदस्यांच्याच बळावर उभे राहिले. त्या मंडळींत मतभेद झाले, १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले, हे खरे. परंतु मतभेदासाठीदेखील बरोबरीचा माणूस असावा लागतो.

आज हा बरोबरीचा माणूसच दुर्मिळ झाला आहे आणि त्यामागे अर्थकारण आहे. प्रकल्पासाठी पैसा मिळतो. प्रमुखाचा भार वाटून घेणाऱ्या अनुभवी सहकाऱ्याचे वेतन मात्र ‘प्रशासकीय खर्च’ ठरते. परदेशी देणग्यांपुरते बोलायचे तर २०२० च्या कायदादुरुस्तीने या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. उधळपट्टीला आळा हवाच. परंतु सहकारी नेमणे म्हणजे उधळपट्टी नव्हे.

तेव्हा देणगीदारांनी हे वेतन कामाचाच भाग मानावे. विश्वस्तांनी इतिवृत्तावर सही करण्यापुरते न येता एखादी अडचण अंगावर घ्यावी. शेजारच्या संस्थांच्या प्रमुखांनी अधूनमधून, भाषणे व हारतुरे वगळून, एकत्र बसावे. आणि प्रमुखानेही आपल्यावाचून काही चालत नाही हा समज सोडावा. कारण तोच पुष्कळदा इतरांना दूर ठेवतो.

कर्वे १९६२ मध्ये निवर्तले. हिंगण्याची संस्था आजही चालू आहे. ‘हे मला एकट्याला झेपत नाही’ असे ज्या संस्थेच्या प्रमुखाला निःसंकोच म्हणता येते, तीच त्याच्यामागे टिकते.